पडद्यासाठी जन्मलेला वाद : चिनी भाषक विद्यापीठांच्या स्पर्धेची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धा म्हटली की सभागृह, तीन परीक्षक, घंटी वाजवणारा एखादा स्वयंसेवक आणि पुढच्या रांगांत बसलेली स्पर्धकांचीच मित्रमंडळी एवढाच पसारा बहुधा डोळ्यांपुढे येतो. चिनी भाषेच्या जगात मात्र अशी एक स्पर्धा होऊन गेली, जी कॅमेऱ्यासाठीच जन्माला आली, जिचे स्वरूप प्रक्षेपणाच्या गरजांनी घडवले आणि जिच्यातले काही विजेते वर्षानुवर्षे लोकांच्या लक्षात राहिले. सिंगापूर ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन या प्रक्षेपण संस्थेने १९८६मध्ये भरवलेली आशियाई आंतरविद्यापीठ वादस्पर्धा आणि तिच्यातून १९९३मध्ये उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा यांचा हा मागोवा आहे. चीन, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर आणि मलेशिया इथल्या चिनी भाषक तरुणांना एका मंचावर एकमेकांशी वाद घालताना पाहण्याची संधी त्या काळात दुसरीकडे क्वचितच मिळत असे. त्यामुळे ही हकीकत नुसत्या वक्तृत्वाची राहत नाही. ती त्या समाजांमधल्या ताणलेल्या संबंधांचीही होते.

या स्पर्धेचा उगम बीजिंग किंवा तैपेई सोडून सिंगापुरात का झाला, याचे उत्तर त्या देशाच्या भाषाधोरणात सापडते. सिंगापूरच्या चिनी वंशाच्या कुटुंबांत हॉक्येन, तिओच्यू, कँटनीज, हाक्का अशा निरनिराळ्या बोली चालत. १९७९मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’, म्हणजे प्रमाण चिनी बोला, ही मोहीम सुरू केली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत दूरचित्रवाणीवरून बोलींमधले कार्यक्रम टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आले. हाँगकाँगहून येणाऱ्या कँटनीज मालिकासुद्धा मँडरिन आवाज चढवूनच दाखवल्या जाऊ लागल्या. एकीकडे प्रत्येक चिनी घरात मँडरिन शिरावी असा सरकारी आग्रह होता, तर दुसरीकडे त्याच भाषेतले उच्च शिक्षण आटत चालले होते. मोठ्या व्यापाऱ्यांपासून सायकलरिक्षा ओढणाऱ्यांपर्यंत सर्वांच्या वर्गणीतून १९५०च्या दशकात उभे राहिलेले, चिनी माध्यमाचे नानयांग विद्यापीठ १९८०मध्ये सिंगापूर विद्यापीठात विलीन करण्यात आले आणि १९८७पर्यंत देशातल्या सर्व शाळांत इंग्रजी ही पहिली भाषा झाली. चिनी माध्यमात शिकलेल्या पिढीला हा आघात फार लागला.

नेमक्या याच काळात सिंगापूरच्या प्रक्षेपण संस्थेने मँडरिनमधून विद्यापीठीय वादस्पर्धा भरवावी, हा मला योगायोग वाटत नाही. बाजारात आणि घरात बोलली जाणारी भाषा लोकांना मोहिमांनी शिकवता येते; पण त्या भाषेत अर्थकारणावर, नीतिशास्त्रावर, समाजरचनेवर तरुण माणसे अस्खलित बोलू शकतात, हे दाखवायचे तर पडद्यावर तशी तरुण माणसे आणावी लागतात. ती सिंगापुरात पुरेशी उरली नव्हती. म्हणून निमंत्रणे बाहेर गेली.

१९८६च्या पहिल्या स्पर्धेत पेकिंग विद्यापीठ उतरले आणि त्यानेच विजेतेपद पटकावले. अंतिम सामना हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीशी झाला आणि विषय होता पर्यटनाच्या वाढीने होणारे नफे-तोटे. विषय सौम्य होता. पण बीजिंगचा संघ सिंगापूरच्या पडद्यावर दिसणे ही त्या काळी सौम्य गोष्ट नव्हती. चीन आणि सिंगापूर यांच्यात तोवर राजनैतिक संबंधच प्रस्थापित झालेले नव्हते. चिनी वंशाचे बहुसंख्य लोक असलेला आपला छोटा देश म्हणजे चीनचेच एक शेपूट, असा समज आग्नेय आशियातल्या शेजाऱ्यांत पसरू नये म्हणून, इंडोनेशियाने चीनशी संबंध पूर्ववत केल्याशिवाय आपण ते जोडायचे नाहीत, असे सिंगापूरने ठरवले होते. इंडोनेशियाने ऑगस्ट १९९०मध्ये ते पाऊल टाकले आणि सिंगापूरने त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला. म्हणजे दूतावास उघडण्याआधी चार वर्षे दोन्हीकडचे विद्यार्थी एका मंचावर येऊन गेले होते. व्यापार आणि नेत्यांच्या भेटी त्याआधीही चालू होत्या हे खरे, पण त्या भेटींत सामान्य प्रेक्षकाला ऐकण्यासारखे फारसे काही नसते.

तैवानच्या बाबतीत पेच अधिक मोठा होता. तिथला लष्करी कायदा जुलै १९८७मध्ये उठला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुख्य भूमीवरच्या नातलगांना भेटायला जाण्याची परवानगी मिळाली. तोपर्यंत जवळजवळ चार दशके सामुद्रधुनीच्या दोन काठांवरच्या सामान्य माणसांना एकमेकांशी उघडपणे बोलता आलेले नव्हते. त्यानंतर वर्षभरातच, १९८८च्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शांघायचे फूदान विद्यापीठ आणि राष्ट्रीय तैवान विद्यापीठ समोरासमोर उभे राहिले. फूदान जिंकले. तिसरा देश, तटस्थ भूमी, आणि दोन्हीकडच्यांना समजणारी एकच भाषा, हा मेळ सिंगापूरखेरीज दुसरीकडे सहजी जमला नसता.

त्या सामन्याचा विषय तर सरळ सिंगापूरच्या सरकारी चर्चेतून उचललेला वाटतो: कन्फ्यूशियसची विचारसरणी पाश्चात्त्य कुप्रवृत्तींना थोपवू शकते का. सिंगापूरच्या माध्यमिक शाळांत १९८४पासून कन्फ्यूशियसचे नीतिशास्त्र हा एक ऐच्छिक विषय सुरू झाला होता आणि त्याच्या आखणीसाठी परदेशांतून जे विद्वान बोलावले गेले, त्यांत हार्वर्डचे तू वेमिंग हे प्रमुख होते. इंग्रजी शिकलेली नवी पिढी पाश्चात्त्य व्यक्तिवादाकडे वाहवत जाईल ही चिंता सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत वारंवार येई. गंमत अशी की कन्फ्यूशियसची बाजू तैवानच्या संघाकडे होती आणि ती विचारसरणी या कामी पुरी पडणार नाही हे मांडायचे काम फूदानकडे. १९९०मध्ये नानजिंग विद्यापीठाने तैवानच्याच संघाला हरवले; ‘मानवजातीचे शांततामय सहजीवन हा साध्य होऊ शकणारा आदर्श आहे’ असा तेव्हाचा विषय होता.

येथे स्पर्धेच्या रचनेकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढे लोकांनी जे डोक्यावर घेतले ते या रचनेमुळेच शक्य झाले. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत बहुधा एका महाविद्यालयाचे दोघे येतात, एक अनुकूल बोलतो आणि दुसरा प्रतिकूल, आणि आपापले भाषण संपवून ते जागेवर जातात; भाषणे एकामागून एक होतात, वाद असा क्वचितच होतो. इंग्रजीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत, जी १९८१मध्ये ग्लासगोला सुरू झाली, विषय सामन्याआधी केवळ १५ मिनिटे सांगतात आणि त्यामुळे तिथे हजरजबाबी तर्काला महत्त्व येते, पण पडद्यावर पाहणाऱ्याला ते बोलणे पुष्कळदा तुटक आणि घाईचे वाटते. सिंगापूरच्या स्पर्धेने या दोन्हींपेक्षा निराळी वाट धरली. प्रत्येक संघात चार जण. दोन्ही संघांचे पहिले तिघे आळीपाळीने तीन-तीन मिनिटे बोलत. मग मुक्त वाद सुरू होई: प्रत्येक संघाच्या खात्यात चार मिनिटे, एका बाजूचा कोणीही उठून बोलायचा आणि तो खाली बसताच त्या बाजूचे घड्याळ थांबून दुसऱ्या बाजूचे सुरू व्हायचे. शेवटी दोन्हीकडचे चौथे वक्ते चार-चार मिनिटे समारोप करत. सगळे मिळून ३४ मिनिटांचे बोलणे. परीक्षकांचे भाष्य आणि निकाल जोडला की तासाभराचा कार्यक्रम तयार.

मुक्त वादाची ती आठ मिनिटे हा या रचनेचा प्राण होता. एकेक जण ताडकन उठतो, दोन-तीन वाक्यांत प्रश्न फेकतो, बसतो. समोरचा त्याच क्षणी उठतो. कॅमेऱ्याला सतत हलते दृश्य मिळते, प्रेक्षकाला टोला आणि प्रतिटोला मिळतो, आणि घड्याळ उलटे धावत असल्याने ताण आपोआप चढत जातो. विषय मात्र आधीपासून ठाऊक असल्याने या टोल्यांतले पुष्कळसे टोले घरूनच घडवून आणलेले असत. उत्स्फूर्ततेचा आभास आणि कसून केलेली तयारी या दोहोंचा जो सांधा इथे जुळला, तोच या स्पर्धेच्या यशाचे कारण ठरला आणि पुढे तिच्यावरच्या टीकेचेही.

१९९३मध्ये सिंगापूरच्या संस्थेने चीनच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणीला सोबत घेतले आणि स्पर्धेला आंतरराष्ट्रीय असे नाव मिळाले. केंब्रिज आणि सिडनी विद्यापीठांचे मँडरिन बोलणारे संघही आता मैदानात होते. त्या वर्षीचे राजकीय हवामान ध्यानात घेण्यासारखे आहे. एप्रिलच्या अखेरीस चीन आणि तैवान यांच्या निमसरकारी प्रतिनिधींची, वांग दाओहान आणि कू चेन-फू यांची, ऐतिहासिक भेट सिंगापुरातच झाली होती, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याच शहरात वादस्पर्धेचा अंतिम सामना पुन्हा फूदान आणि राष्ट्रीय तैवान विद्यापीठ यांच्यातच रंगला.

फूदानची तयारी ही स्वतंत्रच गोष्ट आहे. संघाचे सल्लागार होते आंतरराष्ट्रीय राजकारणाचे प्राध्यापक वांग हुनिंग, ज्यांनी १९८८च्या विजेत्या संघालाही घडवले होते, आणि प्रशिक्षणाची धुरा होती तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यू वूजिन यांच्याकडे. निवडलेल्या विद्यार्थ्यांना कित्येक आठवडे इतर कामांतून बाजूला काढून निरनिराळ्या विद्याशाखांच्या अध्यापकांची व्याख्याने ऐकवण्यात आली, ग्रंथ वाचून घेण्यात आले, सरावाचे सामने खेळवण्यात आले. ज्यांग फंग, जी श्यांग, यान ज्या आणि ज्यांग चांगज्येन हे चौघे मग सिंगापूरला गेले आणि तिन्ही सामन्यांत त्यांच्या वाट्याला विरोधाचीच बाजू आली.

पहिल्या सामन्यात केंब्रिजची बाजू अशी होती की अन्नवस्त्राची सोय झाल्याखेरीज नीतीची गोष्ट करता येत नाही; म्हणजे आपल्या भाषेत आधी पोटोबा, मग विठोबा. उपाशी माणसालाही नीती असते आणि इतिहास त्याला साक्ष आहे, असा फूदानचा प्रतिवाद होता. उपांत्य सामन्यात सिडनीच्या संघाने एड्स हा वैद्यकीय प्रश्न आहे, सामाजिक नव्हे, असे मांडले. या सामन्यातला एक क्षण चिनी वादपटू अजून सांगतात. मुक्त वादात फूदानच्या वक्त्याने विचारले, एड्सविषयीच्या जागतिक मोहिमेचे यंदाचे घोषवाक्य काय आहे? सिडनीकडून उत्तर आले की प्रतिबंध अधिक जोमाने करा, आणि प्रतिबंध तर वैद्यकानेच व्हायचा. फूदानने तत्काळ सांगितले की हे चूक आहे. यंदाचे घोषवाक्य आहे, वेळ दवडू नका, कृतीला लागा. सभागृहात हशा आणि टाळ्या. तर्काच्या दृष्टीने पाहिले तर घोषवाक्य पाठ नसल्याने एड्स सामाजिक ठरत नाही आणि वैद्यकीयही ठरत नाही. पण प्रेक्षकाच्या मनात सिडनीचा संघ त्या क्षणी अपुऱ्या तयारीने आलेला ठरला, आणि परीक्षकसुद्धा प्रेक्षकच असतात. हा प्रश्न जागेवर सुचलेला नव्हता, हे सांगायला नकोच. ही मांडणी करताना फूदानचे विद्यार्थी एड्सचा सामाजिक बाजूने ऊहापोह करत होते, हेही नोंदवले पाहिजे, कारण १९९३च्या चीनमध्ये या रोगाबद्दल जाहीरपणे असे बोलणे रोजचे नव्हते.

अंतिम सामन्याचा विषय होता ‘मनुष्यस्वभाव मुळात चांगला आहे’. हा चिनी तत्त्वज्ञानातला सर्वांत जुना वाद म्हणता येईल. विहिरीत पडू पाहणाऱ्या अजाण बालकाला पाहून कोणाच्याही काळजाचा ठोका चुकतो, त्यात ना कसला लाभ असतो ना कीर्तीची आशा, म्हणून करुणा हा माणसाचा मूळ स्वभावच आहे, असे मेन्शियसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मांडले. त्याच्यानंतर झालेल्या श्युन्झीने नेमके उलट म्हटले: जन्मतः माणसाजवळ भूक, हाव आणि मत्सर असतो, सद्वर्तन हे शिक्षणाने आणि आचारनियमांनी कष्टपूर्वक घडवावे लागते. चिनी मुले शाळेत जी प्राथमिक पुस्तिका घोकत आली, तिचे पहिलेच वाक्य मेन्शियसच्या बाजूचे आहे. म्हणजे लोकमानसाचा कौल तैवानच्या संघाला आधीच मिळालेला होता, आणि माणूस मुळात वाईट आहे असे सांगण्याची अवघड कामगिरी फूदानवर होती.

फूदानने एकच प्रश्न लावून धरला. स्वभाव जर मुळात चांगला, तर जगात वाईट आले कुठून. चांगल्या फुलाला वाईट फळ कसे धरले? तैवानच्या वक्त्यांनी परिस्थितीकडे, बाह्य मोहांकडे बोट दाखवले, की फूदान पुन्हा तोच प्रश्न थोड्या निराळ्या शब्दांत उभा करी. कत्तलीचे हत्यार खाली ठेवताच माणूस बुद्ध होतो, या चिनी म्हणीचाही आधार सामन्यात घेतला गेला. वाल्याचा वाल्मीकी होतो हे आपण जितक्या सहज सांगतो तितक्याच सहज ती म्हण तिकडे वापरली जाते. प्रश्न लावून धरण्याचे हे तंत्र मुक्त वादाच्या चार मिनिटांना फार मानवते, कारण उत्तर नीट द्यायचे तर चार मिनिटे पुरत नाहीत आणि प्रश्न विचारायला दहा सेकंद पुरतात. माझ्या मते त्या सामन्यातली तैवानची तात्त्विक भूमिका वाटते तितकी दुबळी नव्हती. घड्याळाने तिला दुबळे केले.

समारोपात ज्यांग चांगज्येन यांनी कवी गू छंग यांच्या एका प्रसिद्ध ओळीचा आधार घेतला: काळ्या रात्रीने मला काळे डोळे दिले, पण मी ते उजेड शोधण्यासाठी वापरणार. दुष्टपणा मान्य करूनच चांगुलपणाकडे जाता येते, हे आपल्या बाजूचे सूत्र त्यांनी त्या ओळीत गुंफले. नियमाप्रमाणे शेवटचे भाषण प्रस्तावाच्या बाजूचे, म्हणजे तैवानचे होते. तरी सामना संपला तो त्या ओळीवरच, अशीच पुष्कळांची आठवण आहे. फूदान जिंकले आणि ज्यांग सर्वोत्कृष्ट वक्ते ठरले. परीक्षकांत ‘मिंग पाओ’ दैनिकाचे संस्थापक आणि चिनी वाचकांचे लाडके कादंबरीकार चा ल्यांग-युंग होते आणि तू वेमिंगही होते. तू हे स्वतः मेन्शियसच्या परंपरेतले विचारवंत, आणि त्यांच्यासमोर जिंकली ती श्युन्झीची बाजू.

चीनमध्ये या प्रक्षेपणाचा परिणाम मोठा झाला. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत जाहीर बोलणे म्हणजे घोषणा आणि आत्मटीका असा ज्या देशाचा अनुभव होता, तिथे विद्यापीठांतली तरुण मुले कोट-टायमध्ये उभी राहून तत्त्वज्ञांची वचने उद्धृत करत, हसतखेळत, एकमेकांना ‘समोरचे वादमित्र’ म्हणत भांडत होती. वांग आणि यू यांनी संपादित केलेले, या सामन्यांच्या संहिता आणि प्रशिक्षणाचा वृत्तान्त असलेले पुस्तक फूदानच्या प्रकाशनगृहाने त्याच वर्षी काढले आणि ते महाविद्यालयांत हातोहात फिरले. वादमंडळे निघाली, वर्गावर्गांत सामने झाले आणि सिंगापूरची ती ३४ मिनिटांची चौकट चिनी भाषेतल्या वादविवादाचे प्रमाण रूप होऊन बसली. पुस्तकाचे एक संपादक वांग हुनिंग १९९५मध्ये बीजिंगला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती धोरण संशोधन कार्यालयात गेले, तीन सर्वोच्च नेत्यांचे सिद्धान्तकार म्हणून ओळखले गेले आणि २०१७मध्ये पॉलिट ब्यूरोच्या स्थायी समितीत पोहोचले. जे प्राध्यापक विद्यार्थ्यांना उघड्या मंचावर बोलायला शिकवत, ते स्वतः जाहीरपणे फार थोडे बोलणारे नेते झाले, हा विरोधाभास चीनच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

यशाबरोबर टीकाही आली. तर्कापेक्षा भाषेचा फुलोरा, प्राचीन वचनांची पखरण, पाठ केलेले विनोद आणि चौघांचे एकाच साच्यातले हावभाव यांनाच गुण मिळतात, असा आक्षेप घेतला जाऊ लागला. प्राध्यापकांची फौज मागे उभी करून विद्यार्थ्यांना पुढे करणे हा वाद नसून नाट्यप्रयोग आहे, असेही म्हटले गेले. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण ज्या कार्यक्रमाची कल्पनाच प्रक्षेपण संस्थेने केली, त्यात प्रयोगाचा अंश असणारच होता.

विषयांची निवडही यासंदर्भात बोलकी आहे. यापुढे स्पर्धा आलटून पालटून बीजिंग आणि सिंगापूर इथे दर दोन वर्षांनी होऊ लागली. १९९५च्या बीजिंगमधल्या अंतिम सामन्यात नानजिंग विद्यापीठ आणि तैवानचे फू जेन कॅथलिक विद्यापीठ यांनी ‘जाणणे कठीण, करणे सोपे’ या चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यात-सेन यांच्या सिद्धान्तावर वाद घातला. सुन हे सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर पूज्य असल्याने हा विषय कोणालाच टोचणारा नव्हता. नानजिंग जिंकले, तर सर्वोत्कृष्ट वक्त्याचा मान फू जेनच्या लिन झंगज्यांग यांना मिळाला. १९९७ला विषय होता, वादाने सत्य अधिक उजळते का. १९९९ला सौंदर्य वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या मनात. २००१ला पैसा हे सर्व पापांचे मूळ आहे का. पर्यटनापासून पैशापर्यंतची ही यादी पाहिली तर एकाही अंतिम सामन्याच्या विषयात कोणत्याही सरकारला जाब विचारलेला दिसत नाही. तीन-चार सरकारांच्या प्रेक्षकांना एकाच वेळी दाखवायचा कार्यक्रम असा अमूर्ताच्या आश्रयालाच जाणार. त्याचा एक अनपेक्षित लाभ मात्र झाला: तत्त्वज्ञानातले मूळ प्रश्न सामान्य प्रेक्षकांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचले.

१९९७ला राजधानी अर्थशास्त्र व व्यापार विद्यापीठ आणि १९९९ला शिआन जिआओतोंग विद्यापीठ विजयी झाले. दोन्ही वेळा हरलेला संघ एकच होता: क्वालालंपूरचे मलाया विद्यापीठ. त्याची कहाणी या सगळ्या इतिहासात मला सर्वांत लक्षणीय वाटते. मलाया विद्यापीठ हे काही चिनी माध्यमाचे विद्यापीठ नव्हे. मलेशियात चिनी ही अल्पसंख्याकांची भाषा आहे. पण तिथल्या चिनी समाजाने सरकारी अनुदानाविना सुमारे साठ स्वतंत्र माध्यमिक शाळा देणग्यांवर चालवल्या आहेत, त्यांची स्वतःची सामाईक परीक्षा १९७५पासून घेतली जाते, आणि चिनी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही तिथे टिकून राहिल्या. सिंगापुरात जे आटले ते पलीकडच्या किनाऱ्यावर लोकांनी झगडून जपले. भाषा टिकवण्यासाठी सतत युक्तिवाद करत राहावा लागणाऱ्या समाजातली मुले वादात पटाईत निघाली, यात नवल ते काय? २००१मध्ये सिंगापूरला मलाया विद्यापीठ सलग तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचले आणि या वेळी त्याने वूहान विद्यापीठाला हरवले. १९८६पासूनच्या सातही स्पर्धा चीनच्या विद्यापीठांनी जिंकल्या होत्या. विजेतेपद मुख्य भूमीबाहेर जाण्याची ती पहिली वेळ.

त्यानंतर स्पर्धेची झळाळी हळूहळू उतरली. २००३मध्ये ग्वांगझौच्या सुन यात-सेन विद्यापीठाने विजेतेपद मिळवले आणि पुढेही काही वर्षे सामने होत राहिले, पण दूरचित्रवाणीवर आता गाण्याच्या स्पर्धा आणि वास्तवदर्शी कार्यक्रम आले होते, आणि कोट-टायमधली चार मुले विरुद्ध चार मुले हे दृश्य प्रेक्षकांना जुने वाटू लागले होते. वादपटू मात्र पडद्यावरून गेले नाहीत. १९९३च्या संघातल्या ज्यांग फंग आणि १९९९चे सर्वोत्कृष्ट वक्ते लू यीमिंग हे दोघे मध्यवर्ती दूरचित्रवाणीचे निवेदक झाले. लू यांचे संघसोबती फान दंग यांनी पुस्तके समजावून सांगण्याचा एक मोठा व्यवसाय उभा केला. ज्यांग चांगज्येन फूदानमध्ये अध्यापन करत राहिले आणि २०१४पासून बुद्धिकौशल्याच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रसंचालक म्हणून नव्या पिढीला माहीत झाले.

त्याच २०१४च्या नोव्हेंबरमध्ये आयछीयी या चित्रफीत संकेतस्थळावर ‘छीपा श्वो’ हा वादाचा कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालक मा दोंग हे मध्यवर्ती दूरचित्रवाणीतूनच बाहेर पडलेले. इथे कोट-टाय गेले, भडक रंगांचे कपडे आले. मनुष्यस्वभाव आणि सत्य गेले, लग्न, नोकरी, पैसे आणि आई-वडील आले. परीक्षकांऐवजी सभागृहातले प्रेक्षक बटण दाबून मत देऊ लागले आणि भाषण चालू असतानाच ते मत बदलू लागले. पण बोलणारे कोण होते ते पाहावे. पहिल्या पर्वाच्या विजेत्या मा वेइवेइ या सुन यात-सेन विद्यापीठाच्या वादपटू, तिसऱ्या पर्वाचे विजेते ह्वांग झीझोंग तैवानचे, आणि २००१च्या मलाया विद्यापीठाच्या विजेत्या संघातले हू ज्येनब्याव हेही त्याच मंचावर. सिंगापूरने एकत्र आणलेली तीन ठिकाणची माणसे इथे विरोधी संघ न राहता एकाच कार्यक्रमाची मंडळी झाली होती.

विषय जसे जगण्याच्या जवळ आले, तशी अमूर्त विषयांनी दिलेली ढालही गेली. २०१५मध्ये समलिंगी व्यक्तीने आपली ओळख आई-वडिलांना सांगावी का, या विषयावर एक भाग झाला. कार्यक्रमाचे एक मार्गदर्शक, तैवानचे त्साय कांग-युंग, त्यात स्वतःच्या अनुभवाविषयी अत्यंत मोकळेपणाने बोलले. तो भाग प्रेक्षकांनी मोठ्या प्रमाणावर पाहिला आणि थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला.